एसटीआय (म्हणजे गुप्तरोग) काउन्सेलरचं काम करायचंय? मग आधी एवढं वाचा

एमएसडब्ल्यू नाहीतर सायकॉलॉजीत एमए झालेली मुलं हमखास विचारतात, मेडिकल नॉलेज किती लागतं हो. खरं सांगू का, गुप्तरोगाच्या कामात औषधाचा भाग त्यातल्या त्यात सोपा. नॅकोने (केंद्र सरकारची एड्स नियंत्रण संस्था) औषधांच्या किटांना रंगच दिलेत, लघवीच्या जागेतून पू येतोय तर ग्रे, योनीमार्गाचा संसर्ग असेल तर हिरवं, नागिणीसारखे फोड असतील तर लाल. डॉक्टर लक्षणं बघून त्याच दिवशी देतात, कारण रिपोर्टला ये म्हटलं की पेशंट गायब!

डोकं लागतं ते पार्टनरला आणण्यात. नवऱ्याने गोळ्या घेतल्या आणि बायको आलीच नाही तर थोड्या दिवसांनी तो परत तुमच्यासमोर, तेच दुखणं घेऊन. वर म्हणतो तिला तर काही त्रासच नाही. अहो गनोरिया, क्लॅमिडियात बायकांना बऱ्याचदा काहीच जाणवत नाही आणि आत गर्भपिशवी, नळ्यांपर्यंत इन्फेक्शन जातं, हे त्याला घाबरवून न टाकता सांगायचं, आणि घरी भांडण होणार हे माहीत असूनही तिला आणायला तयार करायचं. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये येत नाही, बोलून बोलूनच येतं.

म्हणून माझं मत, डायरेक्ट क्लिनिकच्या खुर्चीवर बसू नका. आधी एखाद्या संस्थेच्या टीआय प्रोजेक्टमध्ये (टार्गेटेड इंटरव्हेन्शन, म्हणजे जास्त धोका असलेल्या लोकांमध्ये जाऊन करायचं काम) आउटरीच वर्कर म्हणून फिरा. तुर्भ्याला एपीएमसीच्या बाजूला ट्रकवाले माल उतरायची वाट बघत बसलेले असतात, तेव्हाच ते बोलतात, तुमच्या ऑफिसच्या टायमात नाही. पीअर एज्युकेटर, म्हणजे आपल्याच लोकांना माहिती देणारे, त्याच वस्तीतले असतात, त्यांचं ऐका, तिथे तुमची डिग्री कोणी विचारत नाही.

२०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा नीट वाचा, संमतीशिवाय कोणाचं एचआयव्ही स्टेटस बाहेर जाता कामा नये. आणि वाशी स्टेशनवर पेशंट दिसला तर स्वतःहून हाक मारायची नाही, त्याने मारली तर ठीक.

नोकरी काँट्रॅक्टची, पगाराची फार स्वप्नं बघू नका, लग्नाच्या बायोडेटात बरेच जण नुसतं 'हेल्थ काउन्सेलर' लिहितात (मीपण). सरकारी क्लिनिकच्या जागा निघाल्यात का ते एमसॅक्सच्या (महाराष्ट्राची एड्स नियंत्रण संस्था) साइटवर बघत राहा, आणि इंटरव्ह्यूला जाताना सिंड्रोमिक मॅनेजमेंट (तेच, रिपोर्टची वाट न बघता लक्षणांवरून औषध देणं) आणि किटांचे रंग पाठ करून जा.