या चुका टाळा: ९९९ रुपयांची बचत आणि एसपीएसएसमधले इतर घोळ

मार्च-एप्रिल आला की मला एकच फोन वेगवेगळ्या आवाजांत येतो. "मॅडम, प्रश्नावल्या भरून झाल्यात, आता फक्त एसपीएसएस करून द्या ना." एसपीएसएस म्हणजे आकडेवारीचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर. आणि म्हणे फक्त! जणू गिरणीत डबा ठेवायचा आणि संध्याकाळी पीठ घेऊन जायचं. गिरणीवाला निदान गहू ओला आहे का ते हात घालून बघतो. एसपीएसएस तेवढंही बघत नाही.

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी रडकुंडीला येऊन दारात उभी राहिली. बचत गटांवरचा प्रबंध, १२० बायकांच्या मुलाखती, मार्गदर्शकांची सहीसुद्धा झालेली. मासिक बचतीची सरासरी २७७ रुपये ३५ पैसे, आणि त्यावर दीड पान मजकूर, ग्रामीण महिलांची बचतक्षमता कशी वाढते आहे वगैरे. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी एवढंच विचारलं, "तुमच्या गटांत महिन्याला जास्तीत जास्त किती भरतात?" ही म्हणाली, "दोनशे, सर." "मग सरासरी दोनशे सत्त्याहत्तर कशी?"

मी फ्रिक्वेन्सी टेबल काढलं, म्हणजे कोणतं उत्तर किती वेळा आलं त्याचा तक्ता. १००, १५०, २०० आणि सगळ्यात खाली ९९९, अठरा वेळा. 'सांगितलं नाही' या उत्तराला तिने ९९९ हा कोड दिला होता. वहीत व्यवस्थित लिहूनही ठेवला होता, एसपीएसएसला सांगायचं तेवढं राहिलं. त्याने बिचाऱ्याने अठरा जणींच्या नावावर दरमहा ९९९ रुपये जमा केले. ते वगळल्यावर सरासरी आली १५०. दीड पान रद्दीत.

एसपीएसएसच्या व्हेरिएबल व्ह्यूमध्ये, म्हणजे प्रत्येक रकान्याची माहिती भरायच्या पानावर, 'मिसिंग' (न मिळालेली उत्तरं) नावाचा रकाना असतो. तिथे हा कोड नोंदवायचा. असे तीन सुटे कोड बसतात: 'माहीत नाही', 'सांगितलं नाही', 'लागू नाही'. आणि जी बाई बचतच करत नाही तिची बचत शून्य आहे, ती 'मिसिंग' नाही. मी स्वतः उणे ९ वापरते. नोंदवायचा राहिलाच तर निकालात मिनिममच्या (सर्वांत लहान आकड्याच्या) रकान्यात डोळ्याला टोचतो. वयासाठी ९९ कधीच वापरू नका, आपल्याकडे नव्व्याण्णव वर्षांच्या आज्या असतात. स्टाटा हे असंच दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनीही हसू नये. तिथे रिकामी जागा कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी धरली जाते, त्यामुळे 'वय ६० पेक्षा जास्त' म्हटलं की वय न सांगितलेले सगळे ज्येष्ठ नागरिक होतात.

हल्ली गूगल फॉर्मने नवीन दुखणं आणलंय. उत्पन्नाच्या रकान्यात कुणी '१५०००/-' लिहितं, कुणी 'पंधरा हजार', कुणी मराठी अंक टाकतं. मग एक तर अख्खा रकाना मजकूर म्हणून येतो, नाहीतर तेवढी उत्तरं गुपचूप टिंब, म्हणजे रिकामी, होऊन बसतात. एक्सेलमध्येच डोळ्यांनी साफ करा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय मला सापडलेला नाही.

आता माझी स्वतःची चूक. 'सिलेक्ट केसेस' या ठराविक उत्तरदातेच निवडायच्या सोयीत मला फक्त स्त्रियांची टेबलं हवी होती. तिथे 'फिल्टर' आणि 'डिलीट' असे पर्याय एकाच खिडकीत, जवळजवळ आहेत. रात्री साडेअकरा वाजता मी दुसरा निवडला आणि हाताच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं. सगळे पुरुष गेले. कागदी फॉर्म घरात होते म्हणून दोन रात्रींत पुन्हा भरता आले. तेव्हापासून मूळ फाइल मी 'रीड ओन्ली' करून ठेवते आणि काम कॉपीवर करते. 'रीकोड इन्टू सेम व्हेरिएबल्स' (त्याच रकान्यात कोड बदलणं) याही पर्यायाला मी हात लावत नाही, जुने आकडे त्याच रकान्यात पुसले जातात. फिल्टर लावून विसरणं तर रोजचं आहे. खाली उजव्या कोपऱ्यात 'फिल्टर ऑन' लिहिलेलं असतं, कुणी बघत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा डेटा घेणाऱ्यांसाठी: २०१९-२१ च्या फेरीतही स्त्रियांच्या फाइलमध्ये व्ही००५ हे वेट आहे, म्हणजे प्रत्येक स्त्रीचं उत्तर किती वजनाने मोजायचं तो आकडा. ते दहा लाखांनी भागून मग वापरायचं. भागलं नाही तर नमुना अब्जावधींचा दिसतो आणि प्रत्येक फरक सिग्निफिकंट (निव्वळ योगायोगाचा नसलेला) ठरतो. वेट लावलंच नाही तर टक्केवारी राज्याची न राहता नुसत्या नमुन्याची राहते.

बाकीचं थोडक्यात. लिंग, जात, धर्म यांच्या कोडची सरासरी काढू नका, सरासरी धर्म १.४ म्हणजे काय? पी व्हॅल्यू (फरक खरा नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा दिसण्याची शक्यता) '.०००' छापून आली तर '०.००१ पेक्षा कमी' लिहा. काय-स्क्वेअरच्या (दोन गोष्टींचा संबंध तपासणाऱ्या चाचणीच्या) टेबलाखाली बारीक अक्षरात टेबलाच्या किती चौकटींत अपेक्षित संख्या पाचपेक्षा कमी आहे ते दिलेलं असतं, ते वीस टक्क्यांवर गेलं तर गट एकत्र करा. उलट अर्थाची विधाने उलटी कोड केल्याशिवाय क्रोनबॅक अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप) काढलात तर तो उणेसुद्धा येऊ शकतो, त्याचा दोष उत्तरं देणाऱ्यांना देऊ नका.

आणि क्रॅक केलेली कॉपी शोधत बसू नका, पीएसपीपी हे एसपीएसएससारखंच सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पदव्युत्तर प्रबंधाला बहुतेक वेळा पुरतं.

'ओके' दाबायच्या आधी शेजारचं 'पेस्ट' दाबा, म्हणजे आज्ञा सिंटॅक्स फाइलमध्ये लिहून उतरते आणि पुन्हा चालवता येते. नवशिक्यांना ही एक पायरी जास्तीची वाटते. गेल्या वर्षी एका मुलाच्या मार्गदर्शकांनी ऐन वेळी चाळीस फॉर्म वाढवायला सांगितले. त्याची सिंटॅक्स फाइल तयार होती, मी चहा टाकून येईपर्यंत सगळी टेबलं नव्याने निघाली होती.