झाकली मूठ शेजारणीपुरती: गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या या चुका टाळा

"तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही." कसबा बावड्यापासून गगनबावड्यापर्यंत असं घर सापडायचं नाही, जिथं हे वाक्य बोललं गेलेलं नाही. ओपीडीत नर्स म्हणून बरीच वर्षं काढल्यावरही या रीतीबद्दल माझी तक्रार नाही. जावेला, शेजारणीला कळायला नको, एवढं ठीक. पण काही पोरी डॉक्टरांनाही सांगत नाहीत. मग चौथा महिना लागल्यावर, पोट दिसायला लागल्यावर येतात, आणि पहिला प्रश्न विचारतात, "उशीर नाही ना झाला?"

काही बाबतींत झालेला असतो. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून घडतो, ती गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. फोलिक ॲसिडची गोळी लागते ती त्याच दिवसांत, रोज 400 मायक्रोग्रॅम. खरं तर मूल हवं असं ठरलं की तेव्हापासूनच ती घ्यावी. राहून गेली असेल तर रडत बसू नका, आजपासून सुरू करा. बहुतेक बाळं तरीही सुखरूप असतात. मात्र मेडिकलमध्ये सर्रास मिळणारी 5 मिलिग्रॅमची गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका. तो मोठा डोस मधुमेह, फिट्सची औषधं किंवा आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष, अशा कारणांनी डॉक्टर देतात.

तारखेचा घोळ

"शेवटची पाळी कधी आली?" या प्रश्नाला "दसऱ्याच्या आधी कधीतरी" हे उत्तर मी किती वेळा ऐकलंय, त्याची गणती नाही. पाळीचा पहिला दिवस कॅलेंडरवर, मोबाइलमध्ये, कुठंही लिहा. आठवत नसेल तर तसं सरळ सांगा, पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून दिवस बऱ्यापैकी नेमके काढता येतात. अंदाजे तारीख ठोकून देण्यापेक्षा ते बरं.

याच तारखेवरून घरात भांडणंही होतात. लग्नाला पाच आठवडे झालेले आणि रिपोर्टवर सात आठवडे लिहिलेलं. सासूबाईंचा चेहरा बदलतो, नवरा गप्प होतो. डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, आणि गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे त्या सात आठवड्यांत दोन आठवडे तर गर्भ नव्हताच. एवढं गणित वेळेवर कुणी समजावलं असतं तर ओपीडीच्या बाकावर काही पोरी रडल्या नसत्या.

आणि सोनोग्राफीची घाई नको. पाचव्या आठवड्यात पिशवी दिसते, ठोके दिसत नाहीत, आणि घरी सुतक पडल्यासारखं वातावरण होतं. अशा वेळी डॉक्टर एक-दोन आठवड्यांनी परत बोलावतात. तोवर काही ठरवू नका. उलट, 11 ते 13 आठवड्यांची सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही रक्तचाचणी चुकवू नका. ती वेळ निघून गेली तर पुढं 15 आठवड्यांनंतर वेगळी रक्तचाचणी करता येते, पण पहिल्या सोनोग्राफीत जे दिसतं ते तिच्यात दिसत नाही.

सोनोग्राफीच्या खोलीत "काय आहे?" मात्र विचारू नका. 1994 च्या कायद्यानं तो गुन्हा आहे, सांगणाऱ्याचाही आणि सांगायला लावणाऱ्याचाही. 2001 च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे फक्त 839 मुली होत्या. यावर आणखी काय बोलायचं?

डॉक्टरांपासून लपवलेल्या गोष्टी

पहिल्या भेटीत रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, लघवी, एचआयव्ही, कावीळ बी, सिफिलिस अशा तपासण्या होतात, बहुधा थायरॉइडही. एचआयव्हीचं नाव ऐकून दचकू नका, ती सगळ्यांचीच करतात. साखरेसाठी 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर लगेच सांगा, चाचणी दुसऱ्या दिवशी परत करावी लागते. गुपचूप बसून राहिलात तर रिपोर्ट खोटा येईल.

आधीचा गर्भपात, सुरू असलेल्या गोळ्या, मुरुमांचं औषध, हे सगळं सांगा. थायरॉइडची किंवा फिट्सची गोळी "बाळाला बाधेल" म्हणून स्वतःहून बंद करणं फार वाईट. काही औषधं बदलावी लागतात, पण ती डॉक्टर बदलतील. सासूबाई शेजारी बसल्या असतील आणि बोलता येत नसेल तर "तपासताना एकटीला बोलायचंय" एवढं नर्सच्या कानात सांगा. आम्हाला त्याची सवय असते.

मिसरीचं कुणीच आपणहून सांगत नाही. पपईच्या फोडीला घाबरणारी बाई सकाळी उठून मिसरी लावते. पिकलेली पपई बेतानं खाल्ली तर काही होत नाही, कच्ची टाळा. मिसरी मात्र भाजलेली तंबाखूच आहे, तिच्यातलं निकोटीन बाळापर्यंत पोचतं आणि बाळाचं वजन कमी भरू शकतं.

दुसरी खास आपल्याकडची गोष्ट म्हणजे कट्ट्यावरचं धारोष्ण दूध. गंगावेशीत म्हैस डोळ्यांसमोर पिळून ग्लास हातात देतात, चव न्यारी असते, कबूल. पण न उकळलेल्या दुधातून ब्रुसेला, लिस्टेरियासारखे जंतू येतात आणि त्यांनी गर्भपातही होऊ शकतो. नऊ महिने दूध उकळूनच प्या. मिसळ, तांबडा रस्सा सोसत असेल तर खा, जळजळ झाली की तर्री कमी करा. गुळानं हिमोग्लोबिन वाढतं ही समजूत मात्र सोडा. आपला गूळ कितीही नावाजलेला असला तरी लोहाच्या गोळीची जागा घेत नाही. ती गोळी बहुधा चौथ्या महिन्यापासून देतात. चहा-दुधाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या.

लगेच जायचं ते कधी

मळमळ, उलट्या होणारच. थोडं-थोडं खा, उठल्याबरोबर कोरडी भाकरी किंवा टोस्ट. पण घोटभर पाणीही टिकत नाही, लघवी कमी आणि गडद होते, वजन उतरतंय, तर सलाईन लागू शकतं. "आमच्या वेळी पण व्हायच्या" हे ऐकत घरी बसू नका.

डाग दिसला तर झाकू नका. पुष्कळ वेळा त्यातून काही होत नाही, पण तपासून घ्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो आठवणीनं सांगा, इंजेक्शन लागू शकतं. पोटात एका बाजूला कळ, भोवळ, खांदा दुखणं, ही गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनलिकेत राहिल्याची लक्षणं असू शकतात. त्यात जिवाला धोका असतो. 108 ला फोन करा. शाहूवाडी, राधानगरीच्या आत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात रस्ता बंद व्हायची वाट बघू नये. आणि गर्भ पडला तर जोतिबाच्या पायऱ्यांना किंवा स्कूटीला दोष देऊ नका. पहिल्या तिमाहीत पडलेल्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांच्या दोषानं पडतात, आईच्या हातून काही चुकलेलं नसतं.

खाजगी दवाखान्यात दाखवत असाल तरी आशाताईकडे 12 आठवड्यांच्या आत नोंदणी करा. माता व बाल संरक्षण कार्ड तिथूनच मिळतं. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पात्र आईला पहिल्या बाळासाठी 5000 रुपये मिळतात, तेही या नोंदणीशिवाय नाही. दर महिन्याच्या 9 तारखेची मोफत तपासणी चौथ्या महिन्यापासूनच्या बायकांसाठी असते, पहिल्या भेटीसाठी तिची वाट बघत थांबू नका. पहिलटकरीण बहुधा माहेरी जाते आणि फाईल सासरच्या कपाटात राहते. प्रत्येक रिपोर्टचा फोटो काढून नवऱ्याच्या आणि आईच्या, दोघांच्याही मोबाइलवर पाठवून ठेवा.