आई ए, बाबा बी आणि मूल ओ? कागद-पेन घ्या, काढून बघू

माझी भाची परवा तोंड पाडून आली. आईचा रक्तगट ए, बाबांचा बी आणि हिचा ओ, त्यावर वर्गात कुणीतरी चेष्टेत म्हणालं की मग तू त्यांची नाहीसच. म्हणे, "मामा, खरंच असं असतं का?" म्हटलं बस, कागद आण, पाच मिनिटांत दाखवतो. तेच इथे लिहितोय, कारण हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो आणि विचारायची मात्र लाज वाटते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. रिपोर्टवर छापलेलं असतं ते फक्त वरून दिसणारं, आत प्रत्येकाकडे जोडी असते. आपल्या पेशीत ४६ क्रोमोसोम (डीएनएचे लांब धागे, ह्यांच्यावरच जीन म्हणजे आईबाबांकडून आलेल्या गुणांच्या सूचना असतात), म्हणजे २३ जोड्या, प्रत्येक जोडीतला एक आईकडचा आणि एक बाबांकडचा. रक्तगटाचा जीन ९ नंबरच्या क्रोमोसोमवर बसलाय, म्हणजे त्याच्याही दोन कॉप्या आल्या. ह्या जीनचे मुख्य प्रकार तीन, ए, बी आणि ओ. ए आणि बी दोघंही आपापला हक्क सोडत नाहीत, एकत्र आले की रिपोर्टवर एबी. ओ मात्र गप्प बसणारा, कारण त्याच्यात बहुतेक वेळा जीनमधलं एकच अक्षर गळलेलं असतं आणि तिथून पुढचं सगळं वाचन बिघडतं, मग लाल पेशीवर ए किंवा बीची खूण लावणारं एन्झाइम धड तयारच होत नाही. शाळेत ए-बीला प्रभावी आणि ओला अप्रभावी म्हणतात ते ह्यामुळेच. "अप्रभावी" म्हटलं की लोकांना वाटतं कमजोर जीन, हळूहळू नाहीसा होणारा, तसं अजिबात नाही, तो नुसता दिसत नाही, पुढच्या पिढीत जातोच.

आता कागदावर. प्रत्येकाच्या नावापुढे जोडी लिहायची. रिपोर्ट ओ असेल तर प्रश्नच नाही, ओ-ओ. एबी असेल तर ए-बी. अडचण ए आणि बीची, कारण ए म्हणजे ए-ए पण असू शकतं आणि ए-ओ पण. अशा वेळी आजी-आजोबांना गाठायचं. भाचीची आजी, म्हणजे माझी आई, ओ ग्रुपची. ओवाल्या बाईकडे द्यायला ओशिवाय आहेच काय? म्हणजे माझ्या बहिणीला तिच्याकडून ओ मिळालाच, ती नक्की ए-ओ. तिकडे भाचीच्या बाबांचे वडीलही ओ निघाले, मग तिचे बाबा बी-ओ. झालं, अर्धं कोडं इथेच सुटलं.

मग चौकोन काढा आणि त्याचे चार घरं करा. वरच्या दोन घरांच्या डोक्यावर आईचे ए आणि ओ, डाव्या बाजूला बाबांचे बी आणि ओ. प्रत्येक घरात वरचं एक अक्षर आणि बाजूचं एक अक्षर भरायचं. मिळतं ए-बी, बी-ओ, ए-ओ, ओ-ओ. म्हणजे ह्या एकाच जोडप्याला एबी, बी, ए, ओ चारही ग्रुपची मुलं होऊ शकतात, प्रत्येकाची शक्यता ४ मध्ये १. भाचीने चौथ्या घरावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही मी." (असाच चौकोन एबी आणि ओ जोडप्याचा काढून बघा, मुलं फक्त ए किंवा बी, आई किंवा बाबांसारखं एकही नाही!)

इथे सगळे एक चूक करतात. ४ मध्ये १ म्हणजे चार मुलांत एक ओ येणारच असं नाही, प्रत्येक मुलाच्या वेळी छापा-काटा नव्याने उडतो, आधीच्या भावंडाचा हिशोब धरत नाहीत. पटत नसेल तर दोन नाणी घ्या, एकाला ए/ओ दुसऱ्याला बी/ओ चिकटवा आणि उडवा. चार वेळा उडवून काहीही येईल, शंभर वेळा उडवलंत की ओ-ओ चौथ्या हिश्श्याच्या आसपास यायला लागतं. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने वाटाण्यावर हेच केलं, १८६६ मध्ये छापलेल्या त्याच्या पेपरात ५४७४ गोल दाणे आणि १८५० सुरकुतलेले, जवळपास ३ ला १, म्हणजे चारात एक सुरकुतलेला. सात-आठ दाण्यांवर थांबला असता तर त्याला काहीच दिसलं नसतं.

पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा चौकोन वेगळा काढायचा, तो जीन १ नंबरच्या क्रोमोसोमवर आहे, ह्याच्याशी संबंध नाही. तिथे पॉझिटिव्ह प्रभावी, म्हणून दोन पॉझिटिव्ह आईबाबांना निगेटिव्ह मूल होऊ शकतं. भाचीच्या आईबाबांकडे दोघांकडेही निगेटिव्ह लपलेला असेल तर ओ निगेटिव्हची शक्यता १/४ गुणिले १/४, म्हणजे १६ मध्ये १.

रंगांधळेपणाला मात्र थोडा वेगळा चौकोन लागतो. लाल-हिरव्याचा नेहमीचा प्रकार एक्स क्रोमोसोमवरून येतो (मुलगा की मुलगी ठरवणाऱ्या जोडीतला, मुलीकडे दोन एक्स, मुलग्याकडे एक एक्स आणि एक वाय). मुलग्याचा एकुलता एक्स आईकडचा, त्यामुळे आई स्वतः नीट रंग ओळखत असली पण तिच्या एका एक्सवर दोष असला तर प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता. "बाबांकडून मुलग्यात आला" असं कुणी म्हणालं तर सरळ सांगा, बाबा मुलग्याला वाय देतात, एक्स नाही.

कागदावरचं गणित रिपोर्टशी जुळलं नाही तर घरात वादळ उठवू नका, आधी टेस्ट परत करून घ्या, नोंदीच्या चुका होतात. शिवाय बॉम्बे ब्लड ग्रुप नावाचा दुर्मिळ प्रकार आहे, १९५२ मध्ये नोंदवलेला, त्यात ए-बीचे जीन असूनही त्यांच्या खुणा लाल पेशीवर ज्या पायावर उभ्या राहतात तो एच पदार्थच नसतो आणि साध्या टेस्टमध्ये माणूस ओ दिसतो.

आणि हा चौकोन उंची, रंग, स्वभाव ह्यांना लावत बसू नका. एकट्या उंचीशी संबंधित १२ हजारांच्या वर जागा आपल्या डीएनएत सापडल्यात, त्यात खाणंपिणं वेगळंच. जीभ नळीसारखी वळवता येणं म्हणजे एका जीनचा खेळ असं अजून शिकवतात, पण १९५२ मध्येच एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या तेव्हा ७ जोड्यांत एकाला वळवता येत होती आणि दुसऱ्याला नाही. भाची हे ऐकून आरशासमोर गेली, तिला येते, मला अजून येत नाही.