ऑफर लेटर गेलं, पण उत्तर येत नाही? या चुका टाळा

गोव्यातली वेर्ण्याची औद्योगिक वसाहत असो की कुंडईची, कामगार भरती करणाऱ्यांची तक्रार एकच: मुलाखत छान झाली, ऑफर पाठवली, आणि आता मुलगा फोनच उचलत नाही. लगेच ‘आजकालच्या पोरांना किंमतच नाही’ असा निष्कर्ष निघतो. मला तो पटत नाही. गप्प बसणं चूकच. पण बरेचदा होकार द्यायला लागणारी माहिती उमेदवाराकडे नसते आणि नकार द्यायचा त्याला संकोच वाटतो.

सगळ्यांत जास्त नडतो तो प्रवास. वाळपई, पेडणे किंवा काणकोणहून वेर्ण्याला रोज येणं सोपं नाही. दुसरी पाळी रात्री सुटल्यावर घरी कसं जायचं, हा प्रश्न घरात पहिला निघतो. मुलगी असेल तर आई-बाबांचा निर्णय त्यावरच ठरतो. ऑफरमध्ये मात्र ‘पाळीत काम करावं लागेल’ एवढंच असतं. कंपनीची बस आहे का, कुठून सुटते, पाळी संपल्यावर कुठपर्यंत सोडते, हे स्पष्ट लिहा. कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलवाल्यांनी राहण्याची खोली, जेवण आणि सीझन संपल्यावर नोकरीचं काय, हेही लिहावं.

पगाराचा आकडा सीटीसीत, म्हणजे कर्मचाऱ्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च धरून, सांगू नका. मूळ पगार १५,००० असेल तर भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कर्मचाऱ्याचे कापले जातात. तेवढाच कंपनीचा वाटाही सहसा सीटीसीत धरलेला असतो. मुलाखतीत ऐकलेला आकडा आणि हातात पडणारा पगार यांत एवढं अंतर दिसलं की माणूस फसवल्यासारखा गप्प होतो. हातात किती येईल, ते आधीच सांगा.

मुदत न लिहिणं ही तर स्वतःहून ओढवलेली अडचण. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६ नुसार प्रस्तावात मुदत दिली असेल तर ती संपताच प्रस्ताव संपतो. दिली नसेल तर ‘वाजवी काळ’ उलटल्यावर, आणि वाजवी म्हणजे किती यावर वाद होतो. म्हणून ‘अमुक तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत’ असं लिहा. ‘उत्तर न आल्यास होकार समजू’ हे वाक्य मात्र घालू नका. मौन म्हणजे स्वीकृती होत नाही.

सरकारी नोकरीची वाट पाहणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यावर चिडून उपयोग नाही. ‘कुठल्या निकालाची वाट पाहताय का?’ असं मुलाखतीतच आपुलकीने विचारा. खरं उत्तर मिळालं तर रुजू होण्याची तारीख नीट ठरवता येते.

फक्त ईमेलवर विसंबू नका, ते स्पॅममध्ये जातं. पाठवल्या दिवशीच फोन करा. गणेश चतुर्थीच्या आठवड्यात तर ऑफर पाठवूच नका.

एवढं करूनही उत्तर नाही? मुदतीच्या आदल्या दिवशी एकच व्हॉट्सॲप संदेश: ‘नको असेल तर “नाही” एवढं लिहा, आम्हाला वाईट वाटणार नाही.’ मुदत संपली की ऑफर बंद झाल्याचं लेखी कळवा आणि त्यानंतरच दुसऱ्या उमेदवाराला पत्र द्या. एका जागेसाठी दोघांचे होकार आले तर शब्द तुमचा मोडेल.