चिन्ह झाकून उमेदवार वाचा: मत कुणाला द्यायचं ते मी असं ठरवतो

भाचीचा न्यू जर्सीहून फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते, मी दुकानाचा हिशेब घेऊन बसलेलो. तिला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालंय आणि प्रायमरीत पहिल्यांदाच मत द्यायचंय. म्हणे, "मामा, सगळे एकाच पक्षाचे, सगळे गोडच बोलतात, ठरवू कसं?"

प्रायमरी काय असते ते थोडक्यात सांगतो. राष्ट्राध्यक्षपदाला पक्षाचा उमेदवार कोण हे तिथे हायकमांड ठरवत नाही, राज्याराज्यात मतदारच मतं देऊन ठरवतात, आणि खरी निवडणूक मग नोव्हेंबरात. म्हणजे यादीत सगळे आपलेच, चिन्ह बघून बटण दाबायची सोय नाही, माणूसच बघावा लागतो.

मी म्हटलं, बाय, हे तर आमच्या गोव्यासारखंच झालं. आमच्याकडे चिन्हं वेगवेगळी असतात खरी पण निकालानंतर ती टिकतील याची हमी कोण देणार? जुलै २०१९मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपमध्ये उडी मारली. मग २०२२च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रॉसपाशी) आणि बेतीच्या दर्ग्यात जाऊन शपथ घेतली की पक्ष सोडणार नाही, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ११ पैकी ८ जण गेले. आकडे बघा, पक्षांतरबंदीच्या कायद्यातून सुटायला दोन तृतीयांश लागतात, १५चे १०, ११चे ८, दोन्ही वेळा नेमके लागतात तेवढेच. देवाला फसवतील पण भागाकार चुकणार नाही. आणि हे एका पक्षाचं दुखणं नव्हे, गोव्यात ही खोड जुनी आहे. मी स्वतः एकदा चिन्ह बघून मत दिलेलं आणि माझा आमदार वर्षभरात दुसऱ्याच झेंड्याखाली उभा दिसला, तेव्हापासून ही पद्धत सुरू केली. तिला सांगितलं तेच इथे लिहितोय, येत्या विधानसभेला आपल्यालाही लागेल.

उमेदवारांकडे बघायच्या आधी स्वतःकडे बघा. एक कागद घ्या (माझं झेरॉक्सचं दुकान, खराब झालेल्या प्रतींची पाठ कोरीच असते) आणि तीनच गोष्टी लिहा, दहा लिहिल्या तर सगळेच उमेदवार पास होतात. माझ्या तीन म्हणजे नळाचं पाणी, गावचा डोंगर कापणं आणि झोन बदलून शेतं विकणं. बायकोच्या कागदावर गृह आधार या सरकारी योजनेचे गृहिणींना मिळणारे दीड हजार वेळेवर येणं आणि संध्याकाळी सातनंतर म्हापशाहून बस. एकही गोष्ट जुळली नाही, अर्धा तास भांडलो, पण ते बरं झालं कारण बसचा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नसता, माझ्याकडे स्कूटर आहे ना.

मग प्रत्येक गोष्टीपुढे लिहा की हे काम त्या खुर्चीचं आहे का. वाड्यावरचा दिवा बंद आहे तर पंचाला धरा. मुलाला सरकारी नोकरी लावून देणं हे आमदाराचं काम नव्हेच, हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, तरी निवडणूक आली की आपण बायोडेटाच्या प्रती काढून त्याच्या दारात रांग लावतो, त्या प्रती मीच काढून देतो म्हणून सांगतो. भाचीने शाळा लिहिलं होतं. तिथल्या सरकारी शाळा राज्य आणि स्थानिक बोर्डाच्या हातात असतात, राष्ट्राध्यक्षाच्या हातात फार थोडं. त्यापेक्षा सुप्रीम कोर्टावर न्यायाधीश कोण नेमणार, युद्ध-करार, इमिग्रेशन, हे त्या खुर्चीचं खरं काम. तिने शाळा खोडली आणि व्हिसा लिहिलं, आईला तिकडे बोलवायचंय तिला.

आता अ‍ॅफिडेव्हिट, म्हणजे उमेदवाराचं शपथपत्र. इथे वेळ घाला, बाकी कुठे नाही घातला तरी चालेल.

आपल्याकडे प्रत्येक उमेदवाराला अर्जाबरोबर फॉर्म २६ द्यावा लागतो, शपथेवर. त्यात त्याच्यावरचे खटले, पाच वर्षांचं रिटर्नमधलं उत्पन्न, बायकोचं आणि अवलंबून असलेल्यांचंही, सोनं, गाड्या, जमिनी, कर्जं, सरकारी थकबाकी, शिक्षण, सरकारशी काही कंत्राट आहे का, सगळं. निवडणूक आयोगाच्या साइटवर आणि अ‍ॅपवर फुकट मिळतं, मायनेता साइटवर जुनीपण सापडतात. २०२२ला अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस ३१ जानेवारी होता आणि मतदान १४ फेब्रुवारीला, म्हणजे पक्की यादी हातात आल्यावर दोन आठवडे मिळतात, तेवढे पुरतात.

माझी युक्ती अशी. पहिल्या पानावर नाव आणि पक्ष लिहिलेला असतो, त्या ओळींवर कागदाची पट्टी ठेवून मी झेरॉक्स काढतो, वर फक्त अ, ब, क असं लिहितो. मग ते कागद बायकोला आणि शेजारच्या मास्तरांना वाचायला देतो. मागच्या वेळी मास्तर बाल्कांवात (घरापुढच्या ओट्यावर) बसून चष्मा कपाळावर चढवून 'ब'ची जमिनीची पानं वाचत होते, सर्व्हे नंबर, खरेदीची तारीख, तेव्हाची किंमत, आजची किंमत, आणि एकदम म्हणाले, हा कोण रे, पाच वर्षांत एवढ्या जमिनी घेतल्या आणि रिटर्नमधलं उत्पन्न तर माझ्या पेन्शनीएवढं? पट्टी काढून दाखवली तर ज्याच्यासाठी ते गेली दोन इलेक्शनं भांडत होते तोच निघाला. मास्तर गप्प. मग म्हणाले, चहा टाक. कुणाला मत दिलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

नुसती एकूण रक्कम बघून चिडू नका पण. वडिलोपार्जित घर-भाट (माडांची बाग) असेल तर गोव्यात आजच्या भावाने कुणीही करोडपतीच दिसतो. बघायचं ते दोन अ‍ॅफिडेव्हिटमधलं अंतर, काय वाढलं, आणि ते उत्पन्नात बसतं का. खटल्यांचंही तसंच, मोर्चात जमाव केला म्हणून झालेली केस आणि फसवणुकीची केस यांची नुसती संख्या मोजून काय उपयोग, कलम बघा आणि कोर्टाने आरोप निश्चित केलेत का ते बघा, तोही रकाना असतो.

जो आधी आमदार होता त्याचे विधानसभेतले प्रश्न बघा. पर्वरीला अधिवेशनात तारांकित म्हणजे तोंडी उत्तराचे आणि अतारांकित म्हणजे लेखी उत्तराचे असे प्रश्न असतात, कोणी काय विचारलं ते विधानसभेच्या साइटवर मिळतं. मंत्री असेल तर त्याचे प्रश्न नसणारच, त्याने उत्तरं काय दिली ते बघा, नाहीतर उगाच अन्याय होतो. भाचीच्या बाबतीत हे आणखी सोपं आहे, उमेदवार सिनेटर असेल तर नाव घेऊन झालेल्या मतदानात त्याने हो म्हटलं की नाही ते सगळं नोंदलेलं असतं. भाषणात काय म्हणतो ते सोड, नोंद बघ, असं तिला सांगितलं.

नवा उमेदवार असेल तर दारात आल्यावरच धरायचा. तुळशीकडे हात जोडून, नमस्कार करून, कॅलेंडर देऊन दोन मिनिटांत निघायची घाई असते, मागे वीस पोरं उभी. पाण्याचं काय करणार असं विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं, "जातलें, जातलें पात्रांव", म्हणजे होईल, होईल साहेब. मी एकाला विचारलं, गावचा डोंगर सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे घरं बांधायच्या जागेत, घालायचा प्रस्ताव आला तर तुम्ही लेखी विरोध कराल का, हो की नाही. तो हसला, म्हणाला पळोवया, म्हणजे बघू. दुसऱ्याने सरळ सांगितलं की नाही, लोकांना घरं बांधायला जागा हवी. मला त्याचं म्हणणं पटलं नाही पण माझ्या कागदावर त्याला पहिल्यापेक्षा जास्त मार्क पडले, निदान कुठे उभा आहे ते तरी कळलं.

खर्चही नजरेखालून घाला. २०२२ला गोव्यात विधानसभेच्या उमेदवाराला २८ लाखांची मर्यादा होती. मंडप, बॅनर, गाड्या, जेवणं, तुमच्या एका वाड्यावरचा हिशेब लावून बघा, मी छपाईतला माणूस आहे, मला बॅनरचा भाव माहीत आहे, मला हसू येतं.

मग शेवटी तो प्रश्न येतोच, आवडतो तो निवडून येणार नसेल तर? इथे न्यू जर्सी आणि गोवा वेगळे. तिच्या पक्षाच्या म्हणजे डेमोक्रॅटांच्या प्रायमरीत १५ टक्क्यांवर मतं मिळाली की त्या प्रमाणात प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार पक्का करणारे) मिळतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्याला दिलेलं मतही मोजलं जातं. पण न्यू जर्सीची पाळी जूनमध्ये, तोवर बरेच जण माघार घेऊन मोकळे झालेले असतात, म्हणून मैदानात खरंच कोण उरलंय ते आधी बघ म्हटलं. आपल्याकडे मात्र एक मत जास्त तो आमदार, बाकी शून्य, आणि नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी दुसऱ्या नंबरचा निवडून येतो. मतदारसंघ एवढे लहान की २०२२ला सांत आंद्रेत ७६ मतांनी आणि फोंड्यात ७७ मतांनी निकाल लागला. म्हणजे एका वाड्यावरच्या लोकांनी दुपारची झोप काढली असती तर आमदार बदलला असता. मी काय करतो, कागदावर पहिला आलेला आणि दुसरा आलेला यांच्यात फार फरक नसेल तर जिंकायची शक्यता बघतो, फरक मोठा असेल तर नाही बघत. मतं फुटतील म्हणून ओरडणारे प्रत्येक पक्षात असतात आणि ते नेहमी आपल्याकडेच द्या असं म्हणतात.

शेवटच्या दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर जे काय येईल त्याने मत बदलू नका, उत्तर द्यायला समोरच्याकडे वेळच उरलेला नसतो म्हणून तर ते तेव्हा सोडतात. यादीत आपलं नाव आहे का ते मात्र महिनाभर आधी बघून ठेवा. बटण दाबल्यावर बाजूच्या व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, नाव वाचा, घाई करू नका, मागे रांग असली तरी.

भाचीने काल फोटो पाठवला. तीन उमेदवारांची माहिती प्रिंट काढून नावांवर पिवळ्या चिकट चिठ्ठ्या लावलेल्या, खाली लिहिलेलं, मामा, 'क' कोण ते मला लिहिण्याच्या ढंगावरून आधीच कळलंय, आता काय करू?