सेलमधला गेमिंग पीसी की असेंबल केलेला? या चुका टाळा

दसरा-दिवाळीचे सेल लागले की नाशिकमधल्या गेम खेळणाऱ्या पोरांचा प्रश्न ठरलेला असतो: "साठ हजारांचा पीसी अठ्ठेचाळीसला मिळतोय, घेऊ का?" सोबत स्क्रीनशॉट. त्यात प्रोसेसर असतो, ग्राफिक्स कार्ड असतं, '१६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी' असतं आणि रंगीत पंख्यांचा मोठा फोटो असतो. एसएमपीएस (पीसीच्या भागांना वीज देणारा डबा) कोणता, मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडतात तो बोर्ड) कोणता, रॅमच्या स्टिक एक की दोन, यातलं काहीच नसतं. बारा हजारांची सवलत बहुतेक वेळा या न लिहिलेल्या भागांतूनच काढलेली असते. रेडिमेड पीसी वाईटच असतो असं नाही. पण न लिहिलेलं विचारल्याशिवाय पैसे देणं ही चूक आहे, आणि तीच दरवर्षी होते.

छापील किमतीवरून सवलत मोजणं

'साठ हजार' हा आकडा विकणाऱ्यानं लिहिलेला असतो. खरी तुलना आजच्या बाजारभावाशी करायची. मशीनमधल्या प्रत्येक भागाचा पूर्ण मॉडेल नंबर मागा आणि त्याच यादीचं लेखी कोटेशन कॅनडा कॉर्नर किंवा शरणपूर रोडच्या बाजूच्या दोन दुकानांतून, जीएसटीसकट घ्या. त्यात ओरिजिनल विंडोज आणि जोडणीची मजुरी धरा. बोर्डवर वायफाय नसेल तर त्याचं कार्डही धरा. असेंबल करणारे हे तीन खर्च विसरतात आणि मग 'मी दहा हजार वाचवले' असं सांगत फिरतात.

जुन्या व्हिडिओतली यादीही धरून बसू नका. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्यानं चढले, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी उत्पादन एआय सर्व्हरच्या मेमरीकडे वळवलं. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकांसाठीचा 'क्रुशल' हा रॅम-एसएसडीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी जुन्या भावाची रॅम घातलेलं रेडिमेड मशीन सुट्या भागांपेक्षा खरोखर स्वस्त पडू शकतं. तसं पडत असेल तर घ्यावं, 'खरा गेमर स्वतःच असेंबल करतो' या हट्टापायी जास्त पैसे घालवू नयेत.

एसएमपीएसकडे न बघणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. सिडकोतल्या एका घरातला पीसी तिचं अगदी पुरेपूर उदाहरण आहे.

मशीन सेलमधलं. आय५-१२४००एफ प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, भाव चांगला. तीन आठवडे व्यवस्थित चाललं. मग गेम सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पीसी आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, लाइट गेल्यासारखा बंद आणि पुन्हा चालू. संध्याकाळी जास्त व्हायचं, म्हणून घरच्यांनी दोष विजेला दिला आणि ६०० व्हीएचा यूपीएस आणला. गेम लागला की तो यूपीएस ओरडायचा, कारण ६०० व्हीएच्या घरगुती यूपीएसची खरी ताकद साधारण ३६० वॅट असते. मग दोनदा विंडोज टाकून झालं. मग ग्राफिक्स कार्ड वॉरंटीला गेलं आणि अठरा दिवसांनी 'दोष आढळला नाही' म्हणून परत आलं. या दीड महिन्यात बाजूची काच काढून एसएमपीएसचं लेबल मात्र कुणी वाचलं नाही.

काच काढल्यावर सगळं समोरच होतं. ग्राफिक्स कार्डाला लागणारी आठ पिनची केबल त्या एसएमपीएसला नव्हतीच. हार्ड डिस्कचे जुने चार पिनचे मोलेक्स प्लग दोन घेऊन, त्यांवर कन्व्हर्टर लावून कार्डाला वीज दिलेली होती. त्यातल्या एका मोलेक्सचं पांढरं प्लॅस्टिक पिनभोवती तपकिरी होऊन पिनला चिकटलं होतं, पिवळ्या वायरचं आवरण बोटानं दाबलं की कडक लागत होतं. लेबलवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट. खालच्या बारीक तक्त्यात, १२ व्होल्टच्या रकान्यात, १६ अँपिअर.

हिशेब इथेच संपतो. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही आपली वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. आरटीएक्स ३०६० चे १७० वॅट आणि आय५-१२४००एफचे पूर्ण जोरावर ११७ वॅट मिळून २८७ झाले. बोर्ड, पंखे, एसएसडी वेगळेच. १९२ वॅटच्या एसएमपीएसवर हा बोजा घातल्यावर तो तीन आठवडे टिकला हेच नशीब. कार्ड शाबूत राहिलं म्हणून थोडक्यात निभावलं. असे एसएमपीएस जळताना पुष्कळदा बोर्डाला सोबत घेऊन जातात.

म्हणून रेडिमेड घ्या नाहीतर असेंबल करा, एसएमपीएसच्या लेबलचा स्पष्ट फोटो आल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. बघायचं ते एवढंच: १२ व्होल्टचे अँपिअर गुणिले १२. नामांकित कंपनीच्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर ४५ अँपिअरच्या आसपास लिहिलेलं असतं, म्हणजे ५४० वॅट. या वर्गातल्या एका कार्डाच्या पीसीला ते भरपूर झालं. ग्राफिक्स कार्डाची केबल एसएमपीएसमधूनच आलेली हवी, कन्व्हर्टर नको. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस बाजूला ठेवा. दुकानदार 'आजपर्यंत एकही परत नाही आला' म्हणाला तरी ठेवा.

आणि एक, मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा) एसएमपीएस बदलताना जुन्याच्या केबल नव्याला कधीही लावू नका. प्लग बसतो, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. एसएसडी आणि हार्ड डिस्क क्षणात जातात.

अर्धवट नावावर भाळणं

'आय७, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स'. या ओळीतून काहीही कळत नाही. आय७-२६०० हा २०११ चा प्रोसेसर आहे, आय७-३७७० २०१२ चा. एच६१ या त्याच काळातल्या बोर्डवर हे आजही 'गेमिंग पीसी' म्हणून विकले जातात. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चार कोरचा साधा आय३-१२१००एफ या जुन्या आय७ ना आरामात मागे टाकतो.

ग्राफिक्स कार्डात फसवणूक जास्त बारीक असते. आरटीएक्स ३०५० चे ८ जीबी आणि ६ जीबी हे नुसते मेमरीचे फरक नाहीत. ८ जीबीत २५६० कोर, १२८ बिटची बस (कार्डाच्या मेमरीचा रस्ता) आणि १३० वॅट, २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीत २३०४ कोर, ९६ बिट आणि ७० वॅट. नाव तेच, कार्ड दुसरं. आरटीएक्स ३०६० चंही तसंच आहे: १२ जीबीची बस १९२ बिटची, ८ जीबीची १२८ बिटची. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड तर पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या रस्त्याच्या) चारच लेन वापरतं. ते रायझन ५ ५५०० किंवा ५६००जी सोबत दिलं असेल तर सौदा सोडा, कारण हे दोन्ही प्रोसेसर पीसीआयई ३.० या जुन्या, हळू आवृत्तीपर्यंतच जातात आणि कार्ड आणखी मंदावतं.

मशीन घरी आल्यावर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून बस आणि कोर ताडून बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये एसएसडी किती तास चालली आहे तेही बघा. नव्या एसएसडीवर शेकडो तास दिसले तर ती नवी नाही.

इंटेलचा तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय७ किंवा आय९ सवलतीत मिळत असेल तर पहिलं काम बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट. या प्रोसेसरना जास्त व्होल्टेज जाऊन ते कायमचे अस्थिर होत होते. इंटेलनं २०२४ मध्ये ते मान्य केलं, बायोसमधून जाणारे दुरुस्तीचे मायक्रोकोड दिले आणि बॉक्समधल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. गोदामात पडून राहिलेल्या मशीनमध्ये जुनाच बायोस असू शकतो.

रॅमची एकच स्टिक

१६ जीबीची एक स्टिक म्हणजे मेमरीचा रस्ता अर्धा. ८-८ च्या दोन घ्या. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या ५६००जी सारख्या पीसीत याचा फटका फार मोठा बसतो, कारण ग्राफिक्सही त्याच रॅमवर चालतं. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत आणि वेग किती आहे, दोन्ही दिसतं. ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर धावत असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारं सेटिंग) चालू करा. पाच मिनिटांचं काम आहे, पण कित्येकांचा पीसी वर्षानुवर्षं तसाच चालतो.

'आत्ता हा घेतो, पुढे अपग्रेड करतो'

मोठ्या कंपन्यांच्या डेस्कटॉपबाबत हे वाक्य सगळ्यात महाग पडतं. त्यांच्या अनेक मॉडेलमध्ये बोर्ड आणि एसएमपीएस बाजारात सर्रास मिळणाऱ्या एटीएक्स या ठरावीक मापाचे नसतात. बोर्डाला २४ पिनच्या जागी सहा किंवा दहा पिनचा प्लग असतो, पुढच्या बटणाची वायर वेगळी असते, बोर्ड बसवायची भोकं वेगळ्या जागी असतात, बायोस कुलूपबंद असतो. पुढच्या वर्षी मोठं कार्ड घ्यावं म्हटलं की एसएमपीएस पुरत नाही. एसएमपीएस बदलावा तर प्लग बसत नाही, बोर्ड बदलावा तर कॅबिनेटमध्ये बसत नाही. शेवटी प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी एवढंच हाती राहतं.

घेण्याआधी आतला फोटो मागा. बोर्डाच्या उजव्या कडेला २४ पिनांचा रुंद प्लग, वर डावीकडे प्रोसेसरचा चार किंवा आठ पिनांचा प्लग आणि चार स्क्रूंचा नेहमीचा एसएमपीएस दिसला तर पुढे बोला. ज्याला पाच वर्षं काहीच बदलायचं नाही, ज्याला घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी हवी आहे, त्याला हे मशीन चालेल. अपग्रेडचं स्वप्न असेल तर हात लावू नका.

वॉरंटी आणि लॅमिंग्टन रोडची फेरी

पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला जाऊन ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून सगळं आणलं की दोन-तीन हजार वाचतात. वाचवा, पण प्रत्येक भागाचा सिरियल नंबर असलेलं जीएसटी बिल घेऊनच परत फिरा आणि त्या ब्रँडचा माल नाशिकमध्ये कुठे जमा करता येतो ते आधी विचारा. सुट्या भागांना सहसा प्रत्येकी तीन वर्षं किंवा जास्त वॉरंटी मिळते, रेडिमेडला पुष्कळदा सगळ्याला मिळून एकच वर्ष. हा फरक पैशांत धरा. रेडिमेडवर सील असेल तर ते काढल्यावर वॉरंटी राहते का, हे लेखी विचारा.

नाशिकची हवा थंड, असं समजणं

एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या आसपास जातो, आणि सातपूर-अंबडकडची धूळ वर्षभर असते. पुढून पूर्ण काच असलेलं कॅबिनेट फोटोत छान दिसतं, पण हवा ओढत नाही. पुढे जाळी आणि धुता येणारा फिल्टर हवा. फिल्टर महिन्यातून एकदा धुवा.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर पीसीला दोष देऊ नका. अर्थिंग नाही. जुन्या वाड्यांत तर हे सर्रास. तीन पिनच्या प्लगला दोन पिनचा कन्व्हर्टर लावला असेल तर तो आधी काढा आणि वायरमनला बोलवा.

पहिल्या दिवशीची घाई

रेडिमेड आलं तर बटण दाबण्याआधी बाजू उघडा. वाहतुकीसाठी आत फोमची उशी असू शकते, आणि प्रवासात कार्ड किंवा रॅम स्लॉटमधून सुटलेली असू शकते. खोका उघडतानाचा व्हिडिओ करा. मॉनिटरची केबल बोर्डाला लावू नका, ग्राफिक्स कार्डाला लावा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या सेटिंगमध्ये ६० वर अडकलेला नाही ना, बघा. परत करण्याची मुदत संपायच्या आत रोज दोन तास जड गेम चालवा, पहिल्याच आठवड्यात.

स्वतः जोडत असाल तर कूलरच्या तळाचं प्लॅस्टिक काढा, रॅम प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, आणि 'सीपीयू' लिहिलेली आठ पिनची केबल ग्राफिक्स कार्डात कोंबू नका. बसत नसेल तर ती तिथली नाही. बोर्ड जुन्या स्टॉकचा आणि प्रोसेसर नवा असेल तर दुकानातूनच बायोस अपडेट करून घ्या.

एएमडीच्या नव्या प्रोसेसरचा एएम५ बोर्ड आणि डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम असेल तर पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काळाच राहतो. पंखे फिरतात, बोर्डावर रॅमचा दिवा पेटलेला असतो, दुसरं काही होत नाही. बोर्ड तेव्हा रॅमशी वेग जुळवत असतो. त्याला काही मिनिटं लागतात, रॅम जास्त असेल तर दहासुद्धा. घाबरून दर अर्ध्या मिनिटाला बटण दाबून बंद केलंत तर ती जुळवाजुळव दरवेळी पहिल्यापासून सुरू होते, आणि चांगला बोर्ड 'डेड आला' म्हणून परत जातो. बटण दाबा, घड्याळ लावा आणि पंधरा मिनिटं कशालाही हात लावू नका.