पंजा मारणारा बोका आणि लाकडी चमचा

शेल्टरमधून तात्पुरता सांभाळायला आणलेला बोका पिंजऱ्याचं दार उघडलं की पंजा मारायचा. मी हात मागे घ्यायचे. तिथंच चुकत होतं. पंजा मारला की माणूस लांब पळतो, हे त्याला मीच शिकवत होते.

आधी डॉक्टरांना दाखवलं, कारण दात किंवा सांधे दुखत असले तरी मांजर असंच वागतं. तब्येत ठीक निघाली. मग क्लिकर आणला, म्हणजे दाबली की 'टक्' वाजणारी छोटी डबी. पहिले दोन दिवस नुसतं 'टक्' आणि लगेच खाऊ. खाऊला उशीर झाला तर आवाजाचा अर्थच लागत नाही. नंतर लांब दांड्याचा लाकडी चमचा जाळीतून आत धरला. त्याने नाक लावलं की टक्, खाऊ. चमचा जाईल तिकडे तो जाऊ लागला. मग चमच्याने त्याला मागच्या कोपऱ्यात न्यायचं, तो बसला की दार बोटभर उघडायचं, टक्, खाऊ, दार बंद.

एका वेळी २-३ मिनिटंच, तेही जेवणाआधी. पोट भरलेल्या मांजराला शिकण्यात काडीचा रस नसतो. पाचव्या दिवशी मी घाई केली, एकदम हात घातला. ओरखडा मिळाला. (कान मागे गेले होते, शेपटी आपटत होती, त्याचं सगळं सांगून झालं होतं.) ओरडले नाही, दोन पायऱ्या मागे आले.

तिसऱ्या आठवड्यात कडी वाजली की तो आपणहून कोपऱ्यात जाऊन बसायला लागला. मांडीवर मात्र अजून येत नाही. दत्तक घेणाऱ्यांना चमचाही सोबत देणार आहे.